दोन आखूड, एक लांब

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. पोटात बुचाची गोळी, पाठीवर पोचा. आवाज मोठा, पण कुणाला घाबरवणं माझ्या रक्तातच नाही.

माझे मालक हवालदारमामा. शाळेसमोरच्या चौकात ते मला दोनदा आखूड आणि एकदा लांब फुंकत. म्हणजे, 'थांबा, मुलं रस्ता ओलांडतायत!' मग भलामोठा ट्रकही जागच्या जागी थांबे. ती मुलं मोठी झाली, काही तर मामांच्याच ठाण्यात भरती झाली. पण तो आवाज त्यांच्या पायांत मुरला होता.

एके दिवशी ठाण्यात सैन्याची जुनी चिलखती गाडी आली. ती आत मावेना, म्हणून चांगलं फाटक पाडलं. घोडा मावेना म्हणून घर मोडण्यातली गत! सोबत लांब बंदुका आल्या, तोंडावर काच येणारी काळी हेल्मेटं आली. काचेआड मी ओठांपर्यंत पोहोचणार कशी? माझी रवानगी खिशात झाली. फार वाईट वाटलं.

पुढे नळ कोरडे पडले. बायका रिकाम्या बादल्या घेऊन पाणीखात्याच्या कचेरीसमोर बसल्या. आमची गाडी घरघरत त्यांच्यासमोर उभी राहिली, पोलीस बंदुका घेऊन रांगेत. पुढेच मामांची धाकटी बहीण होती, कडेवर तान्हं बाळ. ती एकेका काचेकडे पाहत ओरडली, "दादा, यातला तू कोणता रे? काच वर कर की!"

"काच खाली! कुणी बोलायचं नाही!" साहेब गाडीतून गरजले.

खिशात मला मामांच्या छातीची धडधड ऐकू येत होती. तेवढ्यात कुणाची तरी बादली पायऱ्यांवरून खणखणत खाली आली. बायका घाबरून उठल्या. आमच्या रांगेत कुणीतरी किंचाळलं, "आले, आले अंगावर!" बंदुका वर झाल्या. एक नळी थेट त्या बाळाच्या दिशेने.

मामांनी काच वर सारली आणि मला फुंकलं. दोन आखूड, एक लांब.

बायका थांबल्या. बंदुकवालेही थांबले. दोन्हीकडची माणसं लहानपणी एकाच चौकात थांबायला शिकली होती ना! ज्याची नळी बाळावर होती, त्याने ती खाली केली आणि काच वर सारली. घामाने चिंब झाला होता.

"अगं बाई, तू होय! आपल्या शाळेतला!" बहीण त्याला म्हणाली आणि बाळाला घट्ट धरून तिथेच बसली.

हुकूम मोडला म्हणून मामांना बंदुका पुसायच्या कामावर बसवलं, मला साहेबांच्या टेबलाच्या खणात टाकलं. मित्रांनो, मला घासून चकचकीत करू नका. फक्त माझ्या आणि ओठांच्या मध्ये काच येऊ देऊ नका.

शाळा सुटल्याची घंटा इथवर ऐकू येते. पाठोपाठ करकचून दाबलेले ब्रेक. मी खणात पडून असते. मला स्वतःचा श्वास नाही, मित्रांनो. तो कुणीतरी द्यावा लागतो.