साहेबांनी चकचकीत केलेली पेटी

आमच्या साडूंना घरात सगळे साहेब म्हणतात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी म्हणतात, कारण त्यांनी तसं कळवून ठेवलं आहे. नोकरीत ते तपासणी खात्यात होते. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्यात तीस वर्षं गेल्यामुळे आपल्याला सगळी कामं येतात, असा त्यांचा प्रामाणिक समज आहे.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई. लग्नाआधी ती गायची, आणि चांगली गायची. लग्नानंतर साहेबांना फायली वाचायला शांतता लागे, म्हणून गाणं बंद झालं. यंदा तिच्या गाण्याच्या बाई गेल्या. महिन्याभरानं जुन्या विद्यार्थिनींनी जमायचं आणि प्रत्येकीनं एकेक गाणं म्हणायचं, असं ठरलं. ताईला बाईंच्याच पेटीवर गायचं होतं, आणि ती पेटी बाईंच्या मुलीनं विकायला काढलीच होती. ताईनं आयुष्यात मागितलेली ही दुसरी वस्तू. पहिली मिक्सर. तो साहेबांनी उघडला होता.

"घेऊ की! मीच शिकतो आणि साथ करतो," साहेब म्हणाले. पेटीला त्यांनी तोवर बोटही लावलेलं नव्हतं.

खरेदीला मला साक्षीदार म्हणून नेलं. साहेबांनी पेटी कलिंगडासारखी टिचकी मारून पाहिली, उलटी करून बूड पाहिलं, वासही घेतला.

"वापर किती झालाय?"

"पन्नास वर्षं. आई रोज बसायची," बाईंची मुलगी म्हणाली.

"म्हणजे झीज धरावी लागेल."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी मला कोपरानं ढोसलं. त्यांच्या मते भाव उतरत होता.

घरी आल्यावर त्यांनी पेटी जेवणाच्या टेबलावर घेतली. भात्यातून हवा जात होती, तिथं त्यांनी खोक्यांना लावायची चिकटपट्टी मारली. मग झाकण काढलं. आत पितळेच्या बारीक जिभांच्या रांगा होत्या. हवा लागली की त्या थरथरतात आणि आवाज निघतो. प्रत्येक जिभेवर ओरखडे होते.

"बघा! खिळ्यानं खरवडलंय कुणीतरी. याला वापर म्हणतात?"

"अहो, एकदा पेटीवाल्याला दाखवू या ना," ताई म्हणाली.

"त्याला काय दाखवायचं? कुणा पेटीवाल्यानंच करून ठेवलेलं असणार हे!"

साहेबांच्या तोंडून त्या महिन्यात निघालेलं हे एकमेव खरं वाक्य. त्यानंतर तीन दिवस त्यांनी पॉलिश पेपरनं एकेक जीभ घासून आरशासारखी केली. टॉर्च मी धरली होती. जावई माणसानं सासरच्या गोष्टींत बोलू नये, या सबबीचा मी नेहमीच चांगला उपयोग करत आलो आहे.

चौथ्या दिवशी साहेबांनी भाता मारून पट्टी दाबली. शेजारच्या बाई विचारायला आल्या, मिक्सर परत बिघडला का? ताईनं 'सा' लावून पाहिला. पेटीचा 'सा' एकीकडे, तिचा दुसरीकडे. तिनं पुन्हा लावला, मग तोंड मिटलं.

"आवाज बसलाय हिचा. सवय राहिली नाही," साहेब मला म्हणाले.

ताईनं पेटी उचलली आणि ती जिना उतरून माझ्या गाडीत जाऊन बसली. कुणाला विचारलं नाही. साहेब पेटीवाल्याला समजावून सांगायला सोबत आले.

पेटीवाल्यानं झाकण काढलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हे कुणी केलं?"

"मी. हातानं," साहेब म्हणाले.

"ते ओरखडे नव्हते हो. कानशीनं घासून सूर लावलेला होता. टोकाला घासलं की चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. माझ्या वडिलांचं काम होतं ते. तुम्ही पुसून टाकलंत."

"मग परत लावा. मशीन असतंच की आता."

"मशीनवर लागेल. पण बाई मशीनप्रमाणे गात नव्हत्या, केसभर खाली गायच्या. तो 'सा' वडिलांच्या कानात होता. आता कुठून आणू?"

ताई स्टुलावर बसली होती. तिनं डोळे मिटले आणि 'सा' लावला.

पेटीवाला थांबला. "पुन्हा."

तिनं पुन्हा लावला. हलला नाही.

"हाच. लहानपणी दुकानात ऐकलाय," म्हणत त्यानं कानस उचलली. "माझे दोन्ही हात आत असणार. भाता मारायला माणूस लागेल. कळायची गरज नाही, हात असले की झालं."

आम्ही दोघांनी साहेबांकडे पाहिलं.

नऊ दिवस साहेब डाव्या हातानं भाता मारत होते. एकदाच त्यांनी तोंड उघडलं, "मला वाटतं, हा जरा..."

"अहो, भाता," ताई डोळे न उघडता म्हणाली.

कार्यक्रमात ताई गायली. पेटीवर तिची मैत्रीण होती. पहिल्या दोन ओळींतच बाईंच्या मुलीनं पदर डोळ्यांना लावला. साहेब पहिल्या रांगेत शेजारच्या गृहस्थांना सांगत होते, "पेटी मी दुरुस्त केलीय. नऊ दिवस लागले."

"वा! वाजवता वाटतं?"

"शिकतोय," साहेब म्हणाले. "डावा हात तयार झालाय."