तळाला लागलेलं तेल

"करपलंय," दादा म्हणाले. त्यांनी तेलाची बाटली उजेडाकडे धरलीच नाही. बूच काढून सरळ नाकाशी नेली. "किती वर्षं चाललं?"

"आठ," इंजिनिअर मान खाली घालून म्हणाला. "नळ्यांच्या आत कोळसा धरलाय."

दादा त्याच्या बायकोचे थोरले भाऊ, आणि त्याच कारखान्यातले एकेकाळचे बॉयलरवाले. त्यांनीच शब्द टाकून त्याला तिथे चिकटवलं होतं. पुढे जुना बॉयलर मोडून भट्टीच्या वाया जाणाऱ्या धगीवर वीज करायचं ठरलं. टर्बाइन कशाच्या वाफेवर फिरवायचं, पाण्याच्या की तेलाच्या, हे ठरवायचं काम त्याच्याकडे आलं. तेलाच्या पुस्तिकेत तीनशे अंश सोसेल असं छापलेलं होतं. दादा तेव्हाच म्हणाले होते, "वरचं दूध कोमट असतं तेव्हाच खालचं लागतं, जावईबापू. नळीला चिकटलेलं तेल किती तापतं ते विचारा."

पण पदवीची गुर्मी. त्याने विचारलं नाही. वर अहवालात तेलाचे फायदे लिहिताना एक ओळ घातली: पाण्याच्या वाफेला कायद्याने लागतो तसा परवानाधारक बॉयलरवाला लागणार नाही. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नव्हता, याचीच त्याला आता लाज वाटत होती. सहा महिन्यांत दादा घरी बसले, आणि तेव्हापासून त्याचं इकडे येणंच सुटलं होतं.

"आता पाणीच घ्यायचं ठरलंय," तो म्हणाला. "मी साहेबांना सांगून आलोय, माणूस ठेवायचा तर दादाच. तुम्ही या."

दादा खुलले. "बघा! साहेबांनी काढलं आणि जावयाने परत नेलं. बहिणीने नवरा बरा निवडला हो."

गप्प राहिला असता तरी भागलं असतं. आठ वर्षं भागलंच होतं.

"बॉयलरवाला लागणार नाही ही अहवालातली ओळ साहेबांची नव्हती, दादा. मी लिहिली होती."

दादांचा बूच फिरवणारा हात थांबला.

"माझ्या बहिणीला माहीत आहे?"

"नाही."

"मग सांगूही नका. हक्काने येते माझ्याकडे. तिला तोंड लपवत यायला लावू नका." त्यांनी बूच घट्ट दाबलं. "आणि पाणी क्षार काढून मऊ करून घ्या, नाहीतर तेही नळ्यांना धरेल."

"तुम्ही येणार ना?"

"उन्हातून आलात. आधी पाणी प्या."

दादांनी चाचपत पेला उचलला, त्याच्या काठावरून एक बोट आत सोडलं आणि तांब्यातलं पाणी ओतायला लागले. पाणी बोटाला लागलं तसे थांबले.

"बॉयलरच्या काचेतलं पाणी कुठवर आलंय ते दिसावं लागतं बॉयलरवाल्याला," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीपर्यंत दिसत होतं. तुम्हाला सांगू नको म्हणून बहिणीला मीच बजावलंय."

त्यांनी पेला पुढे केला, इंजिनिअरच्या हातापासून वीतभर बाजूला. इंजिनिअरने हात तिकडे नेऊन तो घेतला.