फणसाच्या पेटीतली चिठ्ठी

मी एक जुनी तक्रारपेटी आहे. मित्रांनो, नाव ऐकून लगेच नाक मुरडू नका. 'तक्रार' हा शब्द रंगाऱ्याने माझ्या कपाळावर तमिळमध्ये रंगवला, त्यात माझा काही दोष नाही. तंजावरच्या एका शाळेत, जिन्याखालच्या भिंतीवर, कॉम्प्युटरच्या खोलीसमोर मी टांगलेली आहे. आज मला माझी गोष्ट सांगायची आहे, आणि खरे सांगायचे तर काही माणसांचे आभार मानायचे आहेत.

माझा जन्म वीणा बनवणाऱ्यांच्या गल्लीत झाला. ओरत्तनाडूकडच्या एका बागेतला जुना फणस तोडला गेला आणि त्याचा एक ओंडका सांबशिव आसारी या कारागिराकडे आला. मी वीणा होणार हे ठरलेलेच होते. मलाही मनातून तसेच वाटत होते, जरा मिजासही चढली होती. पण कोरायला घेतल्यावर आत आडवी चीर निघाली. आसारींनी बोटाने ठोकून कान लावला आणि मान हलवली. चिरलेल्या लाकडात सूर टिकत नाही म्हणे.

मी चुलीत जायची, एवढ्यात शाळेच्या अखिला टीचर पेटी हवी म्हणून आल्या. आसारींनी चीर टाळून फळ्या काढल्या आणि मला जोडले. आतली बाजूही त्यांनी बाहेरच्याइतकीच घासून गुळगुळीत केली. त्यांची बायको म्हणाली, "पेटीच्या आत कोण बघणार आहे?"

"हाताला सवय आहे," ते म्हणाले. "वीणेचं पोटही कुणी बघत नाही. पण आवाज तिथूनच येतो."

मी वीणा झाले नाही, पण ते वाक्य मी आजवर जपून ठेवले आहे.

अखिला टीचर तेव्हा नव्या होत्या. घरी मराठी, वर्गात तमिळ आणि रागावल्या की इंग्रजी, असा त्यांचा खाक्या. शुक्रवारी शेवटची घंटा झाली की त्या किल्ली घेऊन यायच्या आणि माझ्यासमोर उभ्या राहूनच सगळ्या चिठ्ठ्या वाचायच्या. पहिली चिठ्ठी मला अजून आठवते. 'नळ उंच आहे, पहिलीतल्यांचा हात पोचत नाही.' पुढच्या आठवड्यात नळाखाली सिमेंटची पायरी झाली. ती अजून तिथेच आहे. आणखी एकाने लिहिले होते, 'रघोजी माझ्या डब्यातला वडा रोज खातो. वडा गेल्याचं दुःख नाही, पण त्याने विचारावं.' टीचर खुदकन हसल्या होत्या, पण रघोजीला विचारायला लावायला विसरल्या नाहीत.

ती माझी ऐटीची वर्षे. मुले येता-जाता माझ्या झाकणावर थाप मारायची. पाहुणे आले की मुख्याध्यापक मला दाखवायचे.

मग समोरच्या खोलीत कॉम्प्युटर आले. आता तक्रार संगणकावरच करायची, असा फलक लागला. टीचरांकडे वरचे वर्ग आले, शुक्रवार चुकू लागले आणि एक दिवस माझी किल्लीच हरवली. कुलूप गंजले. मुलांनी माझ्या फटीतून चिंचोके आणि शेंगांची टरफले टाकली. एका पालीने आत संसार थाटला. तिचे मी आभारच मानते, कारण त्या दिवसांत माझ्याशी बोलायला दुसरे कुणी नव्हते. चुकचुकायची बिचारी अधूनमधून.

या काळात मी एक गोष्ट पाहिली. पूर्वी मुलांची भांडणे सायकलस्टँडपाशी संपायची. कुणी चिडवले तरी घरी गेले की सुटका असायची. आता चिडवणे मुलांच्या आधी घरी पोचू लागले. शाळेत फोन आणायला बंदी होती, पण रात्री फोनवर जे झाले ते सकाळी मुलांच्या चेहऱ्यांवर बसून शाळेत यायचेच. फोन न बघताही मला ते कळायचे.

सातवीतल्या भुवनाची गोष्ट अशीच मला कळली. भुवना पिढ्यान्पिढ्या तंजावरात राहिलेल्या मराठी घरातली. मराठी सगळी समजायची, पण बोलताना निम्मे तमिळ. आवाज मात्र असा, की सकाळची प्रार्थना तीच सुरू करायची आणि मागून सारे मैदान गायचे. माझ्या फटीतून तो आवाज आत यायचा. पालही गप्प व्हायची.

नवरात्रात आमच्याकडे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. घरच्या त्या पायऱ्यांपुढे तिने पणजीची नऊवारी नेसून एक जुने मराठी गाणे म्हटले. तिचे वडील अनिरुद्धराव ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत कामाला. त्यांनी कौतुकाने ते फोनवर टिपले आणि सकाळच्या बसमधून नातेवाइकांच्या गटावर पाठवले. निदान त्यांना तसे वाटले. आता तंजावरच्या माणसांची एक खोड आहे. गट नातेवाइकांचा असो, गल्लीचा असो की शाळेतल्या पालकांचा, त्यावर चित्र लावायचे ते गावातल्या मोठ्या देवळाचेच. अनिरुद्धरावांच्या फोनवर अशी चार देवळे एकाखाली एक होती. बसला धक्का बसला, बोट घसरले आणि गाणे गेले सातवीच्या पालकांच्या देवळात.

नातेवाइकांकडून कौतुकाचे अवाक्षर येईना, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवले. या वेळी बरोबर देवळात. पहिले कुठे गेले, याचा त्यांना पत्ताच लागला नाही.

पत्ता लागला तो आईवडिलांचे फोन चाळणाऱ्या मुलांना. मुलांचा आपला वेगळा गट होता, त्यात एकही मोठे माणूस नव्हते. वरच्या सुरावर भुवनाचा आवाज जरासा चिरला होता. कुणीतरी तेवढाच तुकडा कापला आणि त्याला बकरीचा आवाज जोडला. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी नऊवारीतल्या भुवनाला शिंगे आली. तिसऱ्या दिवशी तो तुकडा दुसऱ्या शाळांत पोचला. भुवना जिन्यावरून उतरू लागली की मागून कुणीतरी हळूच 'में' करायचे. मोठ्याने कुणी करत नव्हते, म्हणून शिक्षकांना ऐकू येत नव्हते. मला येत होते.

भुवनाने घसा दुखतो असे सांगून प्रार्थना सोडली. मग डबा खाणे सोडले. तिची मैत्रीण संगीता एकदा माझ्याजवळच तिला म्हणाली, "घरी सांग ना."

"अप्पांनी चुकून पाठवलंय ते," भुवना म्हणाली. "त्यांना कळलं तर ते रडतील. मीच दुसऱ्या शाळेत जाते."

मित्रांनो, मला तेव्हा फार वाईट वाटले. एवढीशी पोर बापाला वाचवायला स्वतःचा आवाज गिळत होती.

एका सोमवारी तिने इकडेतिकडे पाहून माझ्या फटीतून चिठ्ठी टाकली. कित्येक वर्षांनी मला खरी चिठ्ठी मिळाली होती. पण माझे कुलूप गंजलेले, किल्ली बेपत्ता. भुवना रोज येऊन कुलपाकडे बघायची. मंगळवार गेला, बुधवार गेला, शुक्रवारही गेला. तोंड असून मला बोलता येत नव्हते. इतकी लाज मला चिंचोक्यांचीही वाटली नव्हती.

दुसऱ्या सोमवारी शिपाई त्यागराज अण्णांनी तिला तसे बघताना पाहिले. त्यांनी काही विचारले नाही. दुपारी ते खोबरेल आणि पेचकस घेऊन आले, कुलूप काही मानेना तेव्हा बिजागरीच सोडवली आणि चिठ्ठी मुख्याध्यापक सत्यनारायण सरांच्या हाती दिली. सरांनी तिथेच चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अक्षरे तमिळ होती, पण शब्द त्यांना कळेनात.

"कुणीतरी थट्टा केलीय," ते म्हणाले आणि चिठ्ठीची घडी करू लागले. ती टोपलीत जाणार हे मला दिसत होते.

"सर, पुन्हा एकदा वाचा," त्यागराज अण्णा म्हणाले. "अखिला टीचर फोनवर बहिणीशी बोलतात ना, तसं ऐकू येतंय."

झाले होते असे, की दुसऱ्या मुलांच्या हाती लागली तरी कळू नये म्हणून भुवनाने चिठ्ठी घरच्या भाषेत लिहिली होती. देवनागरी तिला येत नव्हती, म्हणून तमिळ अक्षरांत. टीचर धावत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहून वाचू लागल्या. 

'टीचर, मज शाळेला यायाला भय वाटते. अवघे मज बकरी म्हणतात. मीं आतां गात नाहीं. अप्पांस सांगू नका. मीं काय करायाचं, तेवढं सांगा.'

टीचरांनी भुवनाला समोरच्या खोलीत बोलावले. दार उघडे होते. "ये बाळ, बैस," त्या म्हणाल्या. "आठ दिवस तुझी चिठ्ठी पडून राहिली. चूक माझी आहे. आतां मज सगळं सांग."

भुवना खूप वेळ रडली, मग बोलली. "मी त्यांना एकदा शिव्या लिहिल्या, टीचर. मग ते अजून वाढलं. म्हणून मी सगळं पुसायला लागले."

"आतां पुसू नको. जे उरलंय त्याचे तारीख आणि नाव दिसेल असे फोटो काढून ठेवू. उलट लिहायचं नाही. त्या गटातून तू बाहेर पड, आणि जिथं जिथं तो तुकडा दिसेल तिथं आपण दोघी मिळून तक्रार नोंदवू. माझंही कुणी ऐकलं नाही, तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे. आणि अप्पांना सांगायचं. त्यांना रडू आलं तर येऊ दे."

अनिरुद्धराव दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. फोन काढला, चारही देवळे बघितली. "माझ्याच बोटानं झालं हे," ते म्हणाले. "आणि मज न सांगता तूं एकटी सोसलीस?"

"तुमाला वाईट वाटलं असतं, अप्पा."

"वाटू दे की. वाईट वाटून घ्यायाला तर बाप असतो."

टीचरांनी वर्गात आरडाओरडा केला नाही. त्यांनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. "बनवलं असेल तर तसं लिहा, पुढं पाठवलं असेल तर तसं, नुसतं बघून गप्प बसला असाल तर तेही. नाव घालायची सक्ती नाही." त्या दिवशी मी गळ्यापर्यंत भरले. जवळजवळ सगळ्यांनी लिहिले होते, 'मी फक्त हसलो.' संगीताने लिहिले होते, 'मला माहीत होतं, मी कुणा मोठ्याला सांगितलं नाही.' एका चिठ्ठीवर मात्र नाव होते. 'बकरीचा आवाज मी लावला. पहिल्या दिवशी सगळे हसले म्हणून मी रोज करत गेलो. चेतन.'

चेतनला टीचरांनी एकच काम दिले. ज्यांना त्याने तो तुकडा पाठवला होता, त्या प्रत्येकाला स्वतः फोन करून तो पुसायला सांगायचे, आणि का ते सांगायचे. तो तीन दिवस टीचरांसमोर बसून फोन करत होता. बऱ्याच जणांनी पुसले. काहींनी तोवर पुढे पाठवून दिले होते. त्या पुढच्यांची नावे चेतनला माहीत नव्हती. तेव्हा तो रडला. सगळे परत आणता येत नाही, हे त्याला त्या खुर्चीत कळले. मग तो भुवनाकडे गेला आणि म्हणाला, "उरलेलं कुठं आहे ते मला सापडत नाही." माफी मागायची ही काही रीत नव्हे, पण ती खरी होती.

मला नवी बिजागरी आणि नवे कुलूप मिळाले. पालीने आपला संसार ट्यूबलाइटमागे हलवला. किल्ली आता टीचरांच्या स्कूटरच्या किल्लीबरोबर असते आणि दर शुक्रवारी ती खुळखुळत येते. मुख्याध्यापकांनी पालकांच्या गटावरचे देऊळ काढून तिथे शाळेच्या घंटेचे चित्र लावले. अनिरुद्धराव आता कुठलेही गाणे पाठवायच्या आधी भुवनाला विचारतात, "पाठवू?" आणि ती कधीकधी नको म्हणते.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. कुणाचा फोटो, कुणाचा आवाज पुढे पाठवायच्या आधी त्याला विचारा. तुमच्यावर बेतले तर एकटे गिळू नका, घरी सांगा, टीचरांना सांगा, आणि पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. मोठ्या माणसांनो, कुलपांना जरा तेल घाला. मला आठ दिवस गप्प बसावे लागले, ते दिवस मी विसरलेले नाही.

भुवनाने मात्र लगेच प्रार्थना म्हटली नाही. कितीतरी दिवस दुसरीच मुलगी म्हणत होती. मग एका शुक्रवारी माझ्यात एक छोटी चिठ्ठी पडली. 'सोमवारी मीं गातें. भय आहे, तरी गातें.'

सोमवारी सगळे मैदान रांगेत उभे राहिले. भुवनाने सूर लावला. वरच्या ओळीला तिचा आवाज पुन्हा जरासा चिरला.  मैदानात कुणी हूं की चूं केले नाही. मागच्या रांगेतून चेतनने ती ओळ उचलली, मग सगळ्यांनी, आणि भुवना पुढे गात राहिली. गाणे माझ्या फटीतून आत आले आणि माझ्या घासलेल्या फळ्यांमध्ये घुमले. त्या दिवशी मी सांबशिव आसारींचे आभार मानले, आणि त्या चिरेचेही. ती चीर नसती तर मी एखाद्या मंचावर मिरवत असते, आणि भुवनाने आपली चिठ्ठी टाकायला कुठे नेली असती?