उभ्या गाडीतलं ऑइल

मी गाडीतलं ऑइल बोलतोय. इकडंतिकडं बघू नका, मी सीटवर बसलेलो नाही. बॉनेटच्या खाली, इंजिनाच्या पोटात, अंधारात जो असतो तो मी. नवी गाडी पाहायला आलेल्या पाहुण्यांना लोक रंग दाखवतात, सीटा दाखवतात, मागचा कॅमेरासुद्धा दाखवतात. "या, आमचं ऑइल बघा," असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय! अंधारात राहिल्यामुळं मला दिसायचं काही नाही, पण ऐकू मात्र सगळं यायचं. म्हणून मला जे माहीत आहे ते सगळं कानावर पडलेलं आहे.

कारखान्यात मला नव्याकोऱ्या इंजिनात ओतलं तेव्हा मी मधाच्या रंगाचा होतो. दिसायला देखणा, उगाच कशाला खोटं बोलू! काम साधं दिलं होतं. लोखंडाला लोखंड घासू द्यायचं नाही, मधे आपण शिरायचं. नवं इंजिन सुरुवातीला जरा खरखरीत असतं. त्यातून डोळ्यांना न दिसणारी बारीक कणी सुटते. ती आपल्या अंगावर घ्यायची, उष्णता सोसायची आणि गप्प राहायचं. घरातल्या थोरल्या सुनेला असतं ना, तसलंच काम.

गेल्या पाडव्याला अंबादास मास्तरांनी ही गाडी घेतली. मास्तर म्हणजे तुळजापूरच्या हायस्कूलमधून गणित शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या पत्नी नीलाताई तहसील कचेरीत कारकून होत्या, त्याही आता निवृत्त. मुलगा अनिरुद्ध पुण्याला, मुलगी मैथिली कळंबला दिलेली. सोलापूरहून गाडी तुळजापूरला आणली तेव्हा मी पहिल्यांदा चांगला कडकडीत तापलो. घाट चढताना काय मजा आली म्हणता! पण घरी पोचलो, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फुटला आणि गाडीवर जे कव्हर पडलं, ते पडलंच.

मास्तरांचा गाडीवर जीव फार. इतका, की तिला बाहेर काढवत नसे. पावसाळ्यात चिखल उडतो, उन्हाळ्यात रंग उडतो. पौर्णिमेला गावात गर्दी असते. नवरात्रात तर रस्तेच बंद असतात, गाडी काढणार कुठून? महिन्यातून एखाद्या वेळी बँकेत आणि भाजी मंडईत चक्कर व्हायची, तीही दुसऱ्या गिअरमध्ये. शेजारचे सिद्रामप्पा हसून म्हणायचे, "मास्तर, देवी वर्षातून तीनदा निद्रा घेती, तुमची गाडी तर उठंनाच की!"

मास्तरांनी हे मनाला लावून घेतलं. देवीला रोज पहाटे जागवतात, तसं आपणही गाडीला जागवायला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी अंघोळ झाली की कव्हर निघायचं, इंजिन सुरू व्हायचं, आणि मास्तर ड्रायव्हरच्या सीटवर बसून डॅशबोर्डवरच्या गणपतीची आरती म्हणायचे. आवाज खणखणीत, ताल पक्का. आरती संपली की किल्ली फिरवायची, कव्हर घालायचं, आणि उद्या सकाळी पुन्हा तेच.

अहो, माझे हाल काय सांगू! इंजिन सुरू झालं की आत पेट्रोल जळतं आणि त्यातून पाण्याची थोडी वाफ होते. गाडी लांब पळाली, मी नीट तापलो, की ती वाफ उडून जाते. पण एका आरतीत मी तापणार किती? जेमतेम कोमट होतो. मग ती वाफ आतच थंड होते, तिचं पाणी होतं, आणि ते येऊन बसतं माझ्या अंगात. थोडं न जळलेलं पेट्रोलही झिरपतं. असं रोज, वर्षभर! मास्तर भक्तिभावानं आरती म्हणायचे आणि मी आत पातळ होत चाललो होतो. त्यांना वाटायचं, आपण गाडीची किती काळजी घेतो. काळजी होतीच हो, त्याबद्दल मी एक शब्द वाईट बोलणार नाही.

अनिरुद्धचा पुण्याहून फोन यायचा. मास्तर स्पीकर लावूनच बोलायचे, त्यामुळं मलाही सगळं ऐकू यायचं.

"बाबा, गाडी सर्व्हिसिंगला नेली का? ऑइल बदललं का?"

"अरे, ती चाललीच कुठं? दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं. आपली गाडी वर्षात हजारसुद्धा झाली नाही. त्रैराशिक मांड! दहा वर्षं बघायला नको."

हे ऐकून मला आतल्या आत भोवळ आली. दहा वर्षं? अहो मास्तर, मी किलोमीटरवरच म्हातारा होत नाही, मी दिवसांवरही होतो. वर्ष उलटलं की गाडी पळालेली असो की उभी असो, मला सुट्टी द्यायची असते. आणि माझ्यासारखा रोज कोमट होऊन थंड होणारा तर लवकरच थकतो. पण माझं ऐकतो कोण!

आता नीलाताईंचं सांगतो. या बाईनं सगळी नोकरी दुसऱ्याच्या मागं बसून केली. आधी वडिलांच्या सायकलवर, मग मास्तरांच्या स्कूटरवर, नाहीतर एसटीत. गाडी घरात आली त्याच महिन्यात त्यांनी राजनंदिनी मॅडमचा ड्रायव्हिंग क्लास लावला आणि लायसन काढून आणलं. पण आपल्या घरची गाडी काही हातात मिळेना. किल्ली मागितली की मास्तर म्हणायचे, "अगं, नवी आहे, जरा जुनी होऊ दे." वर्ष झालं तरी तेच. ताईंनी आदळआपट केली नाही, पण कव्हर झटकताना त्या बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ उभ्या राहायच्या; बांगड्या पत्र्यावर टेकल्या की मला कळायचं. मला फार वाईट वाटायचं.

यंदा पाडवा झाला आणि मैथिलीचा फोन आला. कळंबला तिनं नवं घर बांधलं होतं, वास्तुशांत ठरली होती. मास्तर म्हणाले, "वैजनाथला ड्रायव्हर म्हणून बोलावतो."

"वैजनाथ नको. गाडी मी चालवणार," नीलाताई म्हणाल्या.

मग मास्तरांनी शाळेत मुलांना अट घालावी तशी अट घातली. "ठीक आहे. पण वाटेत गाडीनं नुसता खोकला जरी केला ना, तरी परत किल्ली मागायची नाही. कधीच नाही. कबूल?"

"कबूल," ताई म्हणाल्या.

झालं! माझं तर पाणी पाणी झालं, आधीच अंगात पाणी होतं ते वेगळं. अहो, कबूल काय कबूल? मला विचारलं का? माझी अवस्था मलाच ठाऊक होती. गाडी लगेच वाटेत बंद पडली असती असं मी म्हणत नाही. पण अशा पातळ अंगानं कळंबपर्यंत उन्हात जायचं आणि तसंच परत यायचं, म्हणजे इंजिनानं कुठंतरी टकटक केली असती. आणि मास्तर तर कान टवकारूनच बसणार होते! बिघाड केला कुणी? मास्तरांच्या आरतीनं. आणि नाव कुणाचं झालं असतं? "बाईनं गाडी नेली अन् खराब करून आणली." मग त्या माउलीच्या हातात किल्ली परत कधी आली असती, सांगा?

पण नीलाताई कच्च्या गुरूची चेली नव्हत्या. लांब जायच्या आधी बॉनेट उघडून बघायचं, हे मॅडमनी शिकवलं होतं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सकाळी, मास्तर पेपर वाचत असताना, त्यांनी बॉनेट उघडलं आणि माझ्या डोक्यावरचं झाकण फिरवलं. वर्षानंतर आत उजेड आला. मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. चष्मा, मोठं कुंकू, आणि कपाळाला चांगल्या दोन आठ्या.

झाकणाच्या आतल्या बाजूला, माझ्यात पाणी मिसळून झालेला पिवळट, लोण्यासारखा थर चिकटला होता. त्यांनी बोटावर घेऊन पाहिला. मग ऑइल मोजायची कांडी ओढली, फडक्यानं पुसली, परत घालून काढली आणि नाकाजवळ नेली. पेट्रोलचा वास आला असणार. लगेच मॅडमना फोन लावला. "नाही हो, रेडिएटरचं पाणी अजिबात कमी झालेलं नाही... हो, रोज सुरू करतात आणि बंद करतात... अहो, आरतीपुरती!" पलीकडून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला.

नीलाताई ती कांडी तशीच हातात धरून ओसरीवर गेल्या.

"अहो, ऑइल बदलायला हवंय."

"कशाला? कोरं आहे ते! गाडी हललीय का जागची?"

"हलली नाही म्हणूनच खराब झालंय. अन् कोरं असेल तर असू द्या. मी आता यंदाच्या दिवाळीत चकल्या तळते, उरलेलं तेल झाकून ठेवते. पुढच्या दिवाळीला त्यातच तळून तुम्हाला वाढते. डबा हललेला नसेल, मग चालेल ना?"

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. चकलीच्या बाबतीत ते फार काटेकोर होते, हे मी गेल्या दिवाळीतच ऐकलं होतं. मग म्हणाले, "मी गॅरेजला येणार नाही. एकटीच जा. पण अट ती अटच."

आणि नीलाताई निघाल्या की! शेजारी कुणी नाही, मागं कुणी नाही. तुळजापुरातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी श्वास रोखला असावा, कारण घाट सुरू झाला तेव्हा त्यांनी एकदम "हुश्श" केलं, ते मला आतपर्यंत ऐकू आलं. घाट उतरून गाडी सोलापूर रस्त्याला लागली. तिसरा गिअर पडला, मग चौथा, मग पाचवा! या गाडीला पाचवा गिअर आहे हे मी विसरूनच गेलो होतो. मी तापलो, चांगला सळसळून तापलो. अंगातलं पाणी उडायला लागलं. थकलेला होतो, पण धावत होतो. आणि वरती बाई एकटीच हसत होत्या, मोठ्यानं, कुणी ऐकतंय याची फिकीर न करता. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

तामलवाडीला बिभीषणचं गॅरेज आहे. त्यानं खालचा बोल्ट सोडला आणि मी गरम गरम बाहेर आलो, पसरट पातेल्यात पडलो. मला बघून बिभीषण चाटच पडला.

"काकू, गाडी नवी दिसती अन् ऑइल असलं काळं? लई पळवली व्हय?"

"नाही रे बाबा, पळवलीच नाही म्हणून तर असं झालं."

"मग मालक वर्षभर काय करत व्हते?"

"आरती," नीलाताई म्हणाल्या, आणि दोघंही हसायला लागले. नवा फिल्टर बसला, नवं ऑइल गेलं. मधाच्या रंगाचं, माझ्या तरुणपणासारखं. मी पातेल्यातून ओरडून त्याला सांगितलं, "अरे, बाई चांगली आहे, तिला सांभाळ!" ऐकलं की नाही, कोण जाणे.

तेव्हापासून मी इथंच आहे. बिभीषणनं मला गॅरेजच्या कडेला एका डब्यात ओतून ठेवलंय. वापरलेलं ऑइल गोळा करणारी गाडी येते, ती मला घेऊन जाईल. तिथं गाळून, तापवून माझं पुन्हा काहीतरी करतात म्हणे. तोवर रस्त्यावरच्या गाड्या बघत बसायचं. पण मन लागत नव्हतं. कळंबचं काय झालं असेल? टकटक तर नाही ना झाली? किल्ली ताईंकडंच राहिली ना? नव्या ऑइलनं काही घोटाळा तर केला नसेल? कुणाला विचारणार? येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीकडं मी आशेनं बघायचो.

आज सकाळी एक पांढरी गाडी गॅरेजसमोर थांबली. बॉनेटवर पुसट झालेलं स्वस्तिक होतं. अंगावर मस्त धूळ होती, काचेवर किडे चिकटले होते. उजव्या बाजूनं नीलाताई उतरल्या. डाव्या दारातून एक उंच, सडपातळ गृहस्थ उतरले आणि मान चोळत उभे राहिले. मास्तरांना मी आज पहिल्यांदाच पाहिलं.

"काकू, हवा बघायची व्हय? कुठं निघाला?" बिभीषणनं विचारलं.

"सोलापूरला. नाटकाची तिकिटं काढलीत."

"अन् कळंबला जाऊन आला ना? गाडीनं काय आवाज-बिवाज केला?"

मास्तर घाईघाईनं चाकाकडं बघायला लागले. नीलाताई म्हणाल्या, "जाताना सगळी वाट कान लावून बसले होते. येताना येरमाळा सुटलं अन् हे घोरायला लागले, ते थेट तुळजापुरात घरासमोर येऊन उठले. त्या घोरण्यात मला इंजिनाचा आवाज ऐकूच आला नाही!"

"मी डोळे मिटून ऐकत होतो," मास्तर म्हणाले.

"हो, हो. ऐका, ऐका."

हवा भरून झाली. मास्तर न सांगता डाव्या बाजूला गेले, पट्टा लावला आणि सीट जरा मागं पाडली. ताईंनी गाडी रस्त्याला काढली. ती नजरेआड होईपर्यंत मी बघत राहिलो. काय सांगू, डबा भरून आनंद झाला.

आता माझं ऐका. बाकीच्या वस्तू आत्मवृत्ताच्या शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला टाकू नका, जपून ठेवा. मी उलटं सांगतोय. मला जपू नका. तुमच्या दारात नवी गाडी उभी असेल, चालत नसेल, तरी वर्ष झालं की माझ्या भावाला बाहेर काढा, आणि अधूनमधून तिला लांब पळवून आणा. आणि घरात कुणी कधीपासून किल्ली मागत असेल, तर तिला चालवू द्या. तुम्ही शेजारी बसा. झोप छान लागते म्हणे.

ती बघा, मला न्यायला गाडी आली. येतो मी.