कोंडीरामची खुंटी

"मालक, टायर जाळायचं म्हंजे, मुद्दाम?" कोंडीरामने पुन्हा विचारलं.

उद्धवरावांनी पुन्हा सांगितलं, की हो, मुद्दाम. शर्यतीआधी रस्त्यावर पाणी ओतायचं, पुढची चाकं ब्रेकने धरायची आणि मागची जागच्या जागी गरागरा फिरवायची. धूर निघतो, रबर तापून चिकट होतं, मग सुटताना गाडी घसरत नाही. कोंडीराम फियाटच्या त्या टायरकडे असा बघत होता, की जणू कुणी त्याच्यादेखत ताटातली भाकरी गटारात टाकतंय. १९७९ साल ते. टायरसाठी माणसं ओळखी काढत हिंडायची.

मी शेजारी मडगार्ड ठोकत होतो. मी दत्तोबा. दापोडीच्या त्या गॅरेजात पत्र्याचं काम माझं आणि इंजिनाचं कोंडीरामचं. बिचाऱ्याचं सगळं आयुष्य गाड्यांना आवरण्यात गेलं. कारखान्यांच्या टेम्पोत ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली तो लोखंडी खुंटी बसवून द्यायचा. ड्रायव्हरने कितीही जोर केला तरी पेडल अर्ध्यावर अडायचं. पेट्रोल वाचायचं, मालक खूश व्हायचे आणि ड्रायव्हर कोंडीरामच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. त्यातले लबाड खुंटी बाजूला सरकवायला शिकले, तेव्हा कोंडीरामने तिला स्प्रिंग लावली. पेडलवरचा पाय उचलला रे उचलला, की खुंटी आपोआप जागेवर.

ही स्प्रिंगची फर्माईश मूळ उद्धवरावांचीच. चिंचवडला त्यांचं नटबोल्टचं वर्कशॉप होतं. स्वतःचे टेम्पो बैलगाडीच्या चालीने चालवायला लावणाऱ्या या गृहस्थांना पन्नाशीत शर्यतीचा नाद लागला. आता काय बोलणार, कप्पाळ!

अडचण त्यांच्या पायाची होती. टायर जाळताना ॲक्सिलरेटर एकाच जागी धरावा लागतो, आणि यांचा पाय लटपटायचा. कमी दाबला की इंजिन बंद, जास्त दाबला की गाडी किंचाळत आडवी व्हायची. कोंडीराम म्हणाला, मग खुंटीच बसवू की. धूर काढताना पेडल खुंटीवर टेकवून ठेवायचं, निशाण पडायच्या वेळी डॅशबोर्डखालची तार ओढायची, की खुंटी बाजूला आणि पेडल थेट तळाला. उद्धवरावांनी त्याची पाठ थोपटली.

मग कोंडीराम त्या खुंटीच्या मागे लागला. कानस मारायचा, बसवायचा, इंजिनाचा आवाज ऐकायचा, परत काढायचा. एका दुपारी जेवताना घास हातात धरून म्हणाला,

"दत्तोबा, चतुराला आननार हाय मी शर्यतीला. चाळीत तिला खुंटीवाल्याची बायको म्हनत्यात. एकदा तिच्यादेखत माज्या हातची गाडी सुसाट गेली पायजे बघ."

मला हसू आलं. मग त्याचा चेहरा बघून वाईट वाटलं, आणि मी त्याच्या पानात माझ्यातला ठेचा वाढला.

शर्यत होती चाकणच्या अलीकडे. एक कारखाना होणार होता तिथे. कारखान्याचा पत्ता नव्हता, पण आवारातला सरळ डांबरी रस्ता तयार होता. पुण्याची हौशी मंडळी गाड्या घेऊन जमलेली. चतुराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या आणि आल्या आल्या त्यांनी फियाटच्या मागच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. नवं काम म्हटल्यावर लिंबू नको?

उद्धवरावांनी पेडल खुंटीवर टेकवलं. चाक फिरलं, लिंबू सणकून उडालं ते निशाणवाल्याच्या पांढऱ्या शर्टावर. पण इंजिनाचा सूर काय लागला होता हो! जरासुद्धा चढउतार नाही. धुराने गाडी दिसेनाशी झाली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. कोंडीराम डोळे पुसत होता. धूर गेला म्हणाला.

तार ओढली गेली, निशाण पडलं, आणि फियाट शेजारच्या लाल हेराल्ड गाडीच्या पुढे झेपावली. चतुराबाई टाचा उंचावून बघत होत्या. तेवढ्यात गिअर बदलायला उद्धवरावांनी पाय उचलला.

झालं. खुंटी टक्कन जागेवर. कोंडीरामने सवयीने तिला स्प्रिंग लावून ठेवली होती. इतक्या वर्षांची सवय, हाताला काय कळतंय टेम्पो कुठला आणि शर्यत कुठली! पुन्हा तार ओढायचं काही उद्धवरावांना सुचलं नाही, आणि उरलेली शर्यत फियाटने भाजीचा टेम्पो जावा तशी पार पाडली. हेराल्डवाला खाली उतरून टाळ्या वाजवत यांची वाट बघत होता.

उद्धवराव परत आले ते लालेलाल होऊन. स्प्रिंग कुणी लावायला सांगितली, म्हणाले.

"मालक, खुंटी आपोआप परत आली पायजे, आसं तुमीच तर..."

उद्धवरावांनी किल्ली कोंडीरामच्या हातात आदळली. आता तूच चालव आणि बघ कशी पळते ती, असं म्हणून ते चहाच्या किटलीकडे निघून गेले.

रागाने बोलले होते ते. पण कोंडीरामने खाली वाकून पाना लावला, स्प्रिंगसकट खुंटी काढली आणि खिशात टाकली. मग पलीकडचं दार उघडून उभा राहिला.

"मी न्हाई बसनार," चतुराबाई म्हणाल्या, आणि बसल्या.

लोक पांगले होते. कोंडीरामने पेडल तळाला नेलं आणि फियाट अशी काही उठली, की मी हातातला कप टाकून ओरडायलाच लागलो. पहिला, दुसरा, तिसरा गिअर. त्या माणसाच्या पायाखाली मोकळं सुटलेलं इंजिन मी जन्मात ऐकलं नव्हतं.

निम्मा रस्ता संपला आणि आवाज एकदम थांबला. इंजिन गेलं की काय?

कसलं जातंय! कोंडीरामने गाडी न्यूट्रल करून किल्ली फिरवली होती. एवढा वेग आहे तर पेट्रोल कशाला जाळा, जाईलच की ती टोकापर्यंत.

आणि गेलीच. इंजिन बंद, कसला म्हणून आवाज नाही, आणि खिडकीतून बाहेर आलेला चतुराबाईंचा पदर फडफडत होता, पार शेवटची रेघ ओलांडेपर्यंत.