मुंबईचं काम

लालबागच्या आमच्या चाळीचं कलापथक होतं आणि त्यातली बाई होता गणपत. दिवसभर गिरणीत साचे चालवायचा आणि संध्याकाळी बायकोचं लुगडं नेसून संयुक्त महाराष्ट्राच्या वगात 'मुंबई' व्हायचा. असा लाजायचा, असा मुरकायचा, की म्हातारेसुद्धा शिट्ट्या मारायचे.

लुगडं नेसवायची शांता, त्याची बायको. तालमीत ओळी सांगायचीही तीच.

"अहो, अशी कोणती बाई चालते?" ती हसायची.

"तुला नाही कळायचं," गणपत म्हणायचा.

छप्पन साली एका मोर्चात लाठी बसून त्याचा घोटा टम्म सुजला. नायगावचा प्रयोग दोन दिवसांवर. पथकाचा म्होरक्या दगडू डोकं धरून बसला.

"मी करते मुंबई," शांता म्हणाली. "सगळं पाठ आहे."

"वहिनी, बाईमाणूस चारचौघांत कशी उभी राहणार?"

"मोर्चात उभी होते तशी."

दगडूने गणपतकडे पाहिलं. "करू दे," गणपत पुटपुटला.

नायगावात पटांगण भरलं होतं. शांता नळावर जावं तशी तरातरा आली आणि पदर खोचून, कमरेवर हात ठेवून बोलू लागली. पुढे बसलेले नायगावचे म्हातारे कुशाबा, गणपतचे प्रयोग पाहिलेले, मोठ्यांदा म्हणाले, "पोरगा बरा आहे रे, पण बाईपणा नाही त्याच्यात. आपला गणपतच पाहिजे!"

लोक हसले. मागे बसलेल्या गणपतला क्षणभर गुदगुल्या झाल्या, मग स्वतःचीच लाज वाटली.

शांता थांबली. "आजोबा, दोन पोरांची आई आहे मी. आणखी किती बाई होऊ?"

 बायकांच्या बाजूने असा हशा उठला की कुशाबांनी हसत कान धरले. "मला माझ्या माणसांपासून तोडणारे तुम्ही कोण?" हे वगातलं मुंबईचं वाक्य तिने म्हटलं, तेव्हा टाळ्या थांबेनात.

परतताना गणपत तिच्या खांद्यावर हात टाकून लंगडत होता. "ते वाक्य मी रडून म्हणायचो. वाटायचं, बाई म्हणजे रडणारच."

"मलाही तसंच वाटायचं. पण उभी राहिले आणि रडू आलंच नाही. राग आला."

रविवारी तालमीला नायगावच्या दोघी बायका वगात काम मागायला येऊन दारात उभ्या. दगडू गडबडला. "पण वगात बाईचं काम एकच आहे!"

"मग एकीला हवालदार कर," शांता म्हणाली, "दुसरीला मंत्री," आणि दोघींना आत बोलावलं.