जड वाहनांस बंदी

मित्रांनो, माझ्याजवळ यायचं असेल तर नाकाला रुमाल लावून या. कर्जत तालुक्यात मिरजगावकडे निघणाऱ्या एका आडरस्त्यावर, ओढ्यावरचा जुना दगडी पूल म्हणतात तो मी. माझ्या कठड्यावर गुटख्याच्या पिचकाऱ्या वाळल्या आहेत. खाली कोंबडीच्या दुकानांतून आणून टाकलेल्या पिसांच्या आणि आतड्यांच्या गोण्या कुजत पडल्या आहेत. म्हातारी माणसं मुलांशी गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला आता या सगळ्याची शिसारी आली आहे.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. दुष्काळी कामावर आलेल्या बायका उन्हात बसून खडी फोडायच्या आणि गवंडी काळे दगड घडवायचे. त्यांच्यात आक्काबाई नावाची एक बाई होती. तान्हं लेकरू बाभळीला बांधलेल्या झोळीत टाकून ती दिवसभर हातोडा चालवायची. काम पुरं झालं तेव्हा ती माझ्यावरून अनवाणी पलीकडे गेली आणि तशीच परत आली. पलीकडे तिचं काही काम नव्हतं. आपण बांधलेल्या पुलावरून एकदा चालून बघावं, एवढंच तिच्या मनात होतं.

पुढे माझ्यावरून बैलगाड्या गेल्या, एसटी गेली, वऱ्हाडं गेली. ओढ्याला पूर आला तरी मी जागचा हललो नाही. "ह्यो पूल हाय म्हनून पावसाळ्यात दवाखाना तरी गाठता येतो," असं लोक म्हणायचे. ऐकून बरं वाटायचं.

मग माझी सुधारणा झाली, आणि तिथून माझी दुर्दशा सुरू झाली. माझ्या भेगांत पिंपळाची मुळं शिरली होती. ती उपटून भेगा नीट भरायला हव्या होत्या. ठेकेदाराच्या माणसांनी मुळांसकट वरून सिमेंट फासलं, डांबराचा थर ओतला आणि पाणी निघून जायची भोकं त्यातच बुजवून टाकली. मग कठड्याला काळे-पांढरे पट्टे मारले. अंगावर गळू असावं आणि त्यावर कुणी पावडर लावावी, तसं झालं. फीत कापायला आलेले पाहुणे म्हणाले, "पूल अगदी नवा दिसतो." पावसाचं पाणी मात्र आत मुरत राहिलं आणि माझे दगड सुटे होऊ लागले.

काही वर्षांनी ज्ञानेश्वरी नावाची एक तरुण इंजिनिअर मला तपासायला आली. इतर साहेब वरूनच बघून जायचे. ही सलवार वर खोचून त्या घाणीत उतरली, खांबाजवळ गेली आणि तिनं एका भेगेत सळई घातली. सळई सरळ आत गेली. वर येऊन ती गावकऱ्यांना म्हणाली, "हा पूल आतून पोकळ झालाय. नवा पूल होईपर्यंत जड वाहनं बंद."

तिनं माझ्या दोन्ही टोकांना ठेंगण्या लोखंडी कमानी बसवून घेतल्या. मोटारसायकल, जीप खालून जायची, पण उसानं भरलेली ट्रॉली अडायची. मला वाटलं, चला, म्हातारपणी थोडी उसंत मिळाली.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला आणि लोकांना लांबचा वळसा नकोसा झाला. गावातल्या हनुमंताचा ट्रॅक्टर कारखान्याला ऊस वाहायचा. एके दिवशी सकाळी त्यानं गॅस कटर आणून सगळ्यांदेखत दोन्ही कमानी कापल्या. कुणी त्याला अडवलं नाही. उलट दोघा-चौघांनी हात लावला आणि कापलेलं लोखंड भंगारात घातलं.

त्याच दुपारी तो दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन आला. मागच्या ट्रॉलीत उसावर तोडणीची टोळी बसली होती. पाथर्डीकडची माणसं ती. त्यांच्यातल्या सविताच्या मांडीवर तिची लहान मुलगी होती. माझ्या तोंडाशी कमानीच्या कापलेल्या खांबांची चकाकती टोकं पाहून सवितानं ट्रॅक्टर थांबवायला लावला.

"ही कमान कुणी कापली?" तिनं विचारलं.

"मीच कापली," हनुमंत म्हणाला. "बस गप. उशीर हुतोय."

"कापली म्हंजी आधी कुणीतरी लावली आसंल. कशापायी लावली हुती?"

"तुला पुलातलं कळतं व्हय?"

"न्हाई कळत. म्हनूनच उतरते."

मुलीला कडेवर घेऊन ती खाली उतरली आणि बाकीच्यांना म्हणाली, "उतरा समदे. पलीकडं चालत जाऊ." टोळीचा मुकादम चिडला, हनुमंत चढा-चढा म्हणत राहिला. टोळी कुरकुरत का होईना, उतरली आणि काठावर थांबली.

ट्रॅक्टर पुढे निघाला. पहिली ट्रॉली मी कशीबशी पेलली. दुसरी आली तेव्हा मी होता नव्हता तो जोर लावला. तरी माझा मधला भाग खचला. जोडणीची पिन तुटली, हनुमंत ट्रॅक्टर आणि पुढची ट्रॉली घेऊन पलीकडे निसटला, पण मागची ट्रॉली कठडा फोडून खाली गेली आणि त्या कुजक्या गोण्यांवर उलटी पडली. टोळी जिथं बसली होती, तिथं आता लोखंड आणि ऊस होता. सविता मुलीला छातीशी धरून काठावर बसली.

गाव धावत आलं. त्या बाईला कुणी पाणी विचारलं नाही. लोकांनी ऊस ओढून काढला, तो खात-खात माझ्या भगदाडापुढे उभं राहून फोटो काढले. चघळलेला चोथा माझ्या भगदाडातच थुंकला.

महिन्याभरात नव्या पुलाचं भूमिपूजन झालं. मांडव माझ्या शेजारीच होता. माइकवरून सांगितलं गेलं, की हनुमंतानं प्रसंगावधान राखून मजुरांचे प्राण वाचवले. त्याला शाल पांघरली, टाळ्या झाल्या. हनुमंत हसत होता. मित्रांनो, कुजक्या आतड्यांचा वास मी वर्षानुवर्षं सोसला, पण त्या टाळ्यांइतकी किळस मला कशाचीच आली नव्हती.

ज्ञानेश्वरीही तिथं होती. तिनं शांतपणे विचारलं, "हनुमंतराव, माणसं खाली कुणी उतरवली?"

"मीच की," तो म्हणाला.

जवळच्या फडात सविताची टोळी ऊस तोडत होती. सविता डोक्यावर वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन मांडवाच्या कडेला आवाज ऐकत थांबली होती. ती म्हणाली, "यांनी न्हाई उतरवली. ह्ये तर चढा म्हनत हुते. कमानबी यांनीच कापली."

हनुमंतानं खाली मान घालून शालीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. ज्ञानेश्वरी माइकजवळ गेली आणि म्हणाली, "आताच्या टाळ्या चुकीच्या माणसाला मिळाल्या." तिनं सविताला पुढे बोलावलं. सविता आली नाही. "वाढं सुकत्यात," एवढं म्हणून ती निघाली. ती माझ्याकडे वळली नाही. ओढ्यात उतरून, दगडांवरून जपून पाय टाकत पलीकडे गेली.

माझ्या दोन्ही तोंडांशी आता मातीचे ढीग आहेत. तरी त्यांच्या कडेनं वाट पाडून लोक मोटारसायकली घालतातच. मागे लेकरं बसवलेली असतात, तुमच्याच वयाची. भगदाडाच्या काठावरून चाक जातं तेव्हा माझा एकेक दगड सुटून खाली पडतो.

लोकांना पलीकडे नेण्यासाठी माझा जन्म झाला. तोच मी आज तुम्हाला विनवतो आहे. पुढे बसलेलं माणूस कितीही मोठं असलं, तरी त्याला थांबवा आणि खाली उतरा. माझ्यावरून येऊ नका.